शिडाच्या बोटीवर झोपायचं कुठे?

चाळीस फुटी शिडाच्या बोटीच्या माहितीपत्रकात ‘आठ जणांच्या झोपण्याची सोय’ असं छापलेलं असतं. त्यातल्या बहुतेक जागा बोट नांगरावर उभी असतानाच कामाच्या असतात, हे मात्र छापलेलं नसतं. शिडांत वारा भरून बोट वीस अंश कलली आणि लाटांवर आपटायला लागली, की त्या आठांपैकी दोन-तीन जागांवरच माणसाला झोप लागते. काही बोटींवर तर अशी एकही जागा सापडत नाही.

मुंबई ते गोवा हे समुद्रमार्गे साधारण 220 सागरी मैलांचं अंतर आहे. बोट सरासरी पाच नॉटने चालली, तर वाटेत दोन रात्री काढाव्या लागतात. पहिली रात्र उत्साहात जाते, दुसऱ्या रात्री शरीर हिशेब मागतं. झोप न झालेला माणूस नकाशात खडक दिसत असूनही त्याची दखल घेत नाही, दोर अर्धवट बांधतो, समोरून येणाऱ्या मासेमारी बोटीचे दिवे ओळखायला वेळ लावतो. म्हणून झोपायच्या जागेकडे मी चैनीची बाब म्हणून पाहत नाही. नांगर, लाइफ जॅकेट आणि पाण्याची टाकी यांच्याच पंक्तीत ती बसते, आणि बोट घेताना, भाड्याने ठरवताना किंवा आतून नव्याने करून घेताना तिचा विचार तितक्याच आधी व्हायला हवा.

नांगरावरची जागा वेगळी, प्रवासातली वेगळी

नांगरावर असताना माणसाला घरात हवं तेच हवं असतं: रुंद गादी, डोक्यावर उघडणारी हॅच (छतातली झडप), भरपूर वारा, दोघांना ऐसपैस वळता येईल एवढी जागा. प्रवासात यातलं जवळपास सगळं उलटं होतं. रुंद गादीवर माणूस लाटेबरोबर गडगडत राहतो, हॅच पाण्यामुळे बंद ठेवावी लागते आणि दोघांपैकी एकजण तसाही वर पहाऱ्यावर असतो. तेव्हा हवा असतो तो अरुंद, खोलगट, दोन्ही बाजूंनी अंगाला टेकणारा बर्थ. खांद्याशी 55 ते 65 सेंटिमीटर रुंदी पुरते. लांबी मात्र पुरेपूर, दोन मीटरच्या आसपास हवी, कारण पाय मुडपून झोपलेल्या माणसाचे गुडघे प्रत्येक हेलकाव्याला कुठेतरी आपटतात.

एकाच अंथरुणात ही दोन्ही कामं नीट होत नाहीत. दोन वेगळ्या जागा मनाशी ठरवून ठेवाव्यात, आणि प्रवासातली जागा आधी निवडावी. नांगरावर माणूस थोडी गैरसोय सोसू शकतो, भर समुद्रात ती सोसवत नाही.

बोट कुठे सर्वांत कमी हलते

लाटेवर चढताना बोटीची नाळ वर जाते आणि मागची बाजू खाली दबते, मग उलट. ही हालचाल ज्या बिंदूभोवती होते तो साधारण बोटीच्या मध्यावर किंवा मध्याच्या जरा मागे असतो. त्याच्या जवळ आणि शक्य तितकं खाली झोपलं की शरीराला सर्वांत कमी धक्के बसतात. नाळेतल्या केबिनमध्ये दर काही सेकंदांनी अंथरूण एक-दोन मीटर वर जातं आणि खाली कोसळतं. वाऱ्याच्या तोंडावर चालताना तिथल्या माणसाचं अंग गादीवरून क्षणभर उचललं जातं आणि पुन्हा आदळतं. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांना तर प्रवासात तिथे पाठवूच नये. त्यांना मध्यावर, आडवं, डोळे मिटून पडू द्यावं.

दुसरी गोष्ट दिशेची. माणूस बोटीच्या लांबीच्या दिशेनेच झोपला पाहिजे. काही बोटींवर मागच्या केबिनमध्ये पलंग आडवा घातलेला असतो. दिसायला तो प्रशस्त, पण बोट कलली की एका बाजूला डोकं खाली आणि पाय वर. बोटीने दिशा बदलली की झोपलेल्याने उठून उशी दुसऱ्या टोकाला न्यायची. मध्यरात्री दोनदा असं झालं, की तो माणूस चादर घेऊन सलूनच्या, म्हणजे मधल्या बैठकीच्या खोलीच्या, जमिनीवर येऊन पडतो. पाय नाळेकडे आणि डोकं मागे असावं असा जुन्या खलाशांचा आग्रह असतो, त्यामागेही कारण आहे: बोट कशाला तरी धडकून अचानक थांबली तर धक्का आधी पायांना बसतो.

बर्थ ओळखून घ्या

आपल्याला बर्थ हा शब्द रेल्वेमुळे ठाऊक असतो, आणि प्रवासातला चांगला बर्थ खरोखर डब्यातल्या वरच्या बर्थसारखाच असतो: अरुंद, भिंतीला लागून, आणि पडू नये म्हणून बाजूला आधार असलेला.

बोटीत सर्वांत पुढे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा दुहेरी बर्थ असतो. डोक्याशी रुंद, पायांशी निमुळता. नांगरावर तो उत्तम, कारण बरोबर वर हॅच असते आणि नांगरावरची बोट बहुधा वाऱ्याकडे तोंड करून असल्यामुळे वारा थेट आत येतो. पायांशी दोघांच्या टाचा एकमेकींवर येतात का, हे तेवढं पाहून घ्यावं.

सलूनमध्ये टेबलाच्या दोन्ही अंगांना सरळ लांब बाकं असतात. दिसायला ती साधी बैठक, पण माझ्या मते मध्यम आकाराच्या बोटीवर प्रवासात याहून चांगली जागा नाही. मध्यावर, खाली, बोटीच्या दिशेला समांतर आणि शिडीपासून चार पावलांवर. पाठीची उशी काढली की रुंदी वाढते. हल्ली काही बोटींत बाकं देखणी गोलाकार करतात. पाहुण्यांना घेऊन चहा प्यायला ती छान, झोपायला कुचकामी. नवी बोट पाहताना मी सर्वांत आधी सरळ बाक आहे का ते बघायला सांगेन.

जुन्या बोटींत बाकाच्या वर, बोटीच्या भिंतीला लागून आणखी एक अरुंद कप्पा असे. त्याला पायलट बर्थ म्हणतात. एकदा आत शिरलं की कुणाच्या पायात येत नाही, खाली इतर जण जेवत-बोलत असले तरी वर झोप चालू राहते. सामानाची कपाटं वाढवण्याच्या नादात ही सुंदर सोय नव्या बोटींतून जवळपास गेली. जुनी बोट घेणाऱ्याला ती सापडली तर तिचं कपाट करू नये.

क्वार्टर बर्थ म्हणजे कॉकपिटच्या (वर सुकाणू धरून बसायच्या जागेच्या) बाकाखाली बोगद्यासारखी मागे जाणारी जागा. हा बहुधा कप्तानाचा बर्थ, कारण नकाशाचं टेबल आणि शिडी हाताच्या अंतरावर असतात, एका हाकेत वर जाता येतं. पण शेजारी इंजिन असतं. इंजिन तासभर चाललं की तिथली भट्टी होते, आणि डिझेलचा वास आपल्या हवेत लवकर हटत नाही. शिडीवरून येणारे तुषारही पहिल्यांदा याच गादीवर पडतात. प्लास्टिकचा एक पडदा लावून घेतला तर पाण्याचा प्रश्न सुटतो, उष्णतेचा सुटत नाही. त्यासाठी एक छोटा पंखा हवाच.

टेबल खाली सरकवून त्यावर गाद्या मांडून होणारा पलंग ही सोय पाहुण्यांसाठी ठीक. रोज त्यावर झोपायची वेळ आली की पहाटे चहा करणाऱ्याला झोपलेल्यांना उठवल्याशिवाय कप ठेवायला जागा मिळत नाही. मागच्या केबिनमधले दुहेरी पलंग आरामशीर खरे, पण त्यांतले पुष्कळसे तीन बाजूंनी भिंतीला लागलेले असतात. आत झोपणाऱ्याला उठायचं तर जोडीदाराच्या अंगावरून यावं लागतं. ज्याला रात्रीतून दोनदा उठावं लागतं, त्याने ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

लीक्लॉथ: दीड मीटर कापडाची करामत

प्रवासात झोप लागण्यासाठी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक वस्तू म्हणजे लीक्लॉथ. बर्थच्या मोकळ्या बाजूला उभं राहणारं कापड. त्याची खालची कड गादीखाली लाकडी पट्टीने फळीला स्क्रूने घट्ट बसवलेली असते आणि वरच्या दोन कोपऱ्यांतले दोर छताजवळच्या कड्यांना बांधलेले असतात. वापरात नसेल तेव्हा ते गादीखाली सपाट पडून राहतं, कुणाला दिसतही नाही.

बरेच जण इथे काटकसर करतात आणि कापड आखूड शिवतात. गादीच्या वर ते निदान 45 ते 50 सेंटिमीटर उभं राहायला हवं, नाहीतर कुशीवर वळलेला माणूस मोठ्या लाटेला त्यावरून बाहेर येतो. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, म्हणजे सव्वा ते दीड मीटर पुरे. डोक्याशी ते मोकळंच असावं, म्हणजे हवा खेळती राहते आणि वाचता येतं. आपल्या उकाड्यात जाड कॅनव्हासऐवजी मजबूत जाळी वापरावी, किंवा कॅनव्हासच्या मध्ये जाळीचा मोठा तुकडा शिवून घ्यावा. कडेला दुहेरी शिवण आणि कोपऱ्यांत धातूची रिंग हवी. फेकल्या गेलेल्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, तेव्हा हे काम पडदा शिवणाऱ्याकडे न देता शिडं शिवणाऱ्याकडे द्यावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोर आतल्या माणसाला, पडल्या पडल्या, एका हाताने आणि अंधारात सोडता आला पाहिजे. दोरावर अंगाचा भार असतानाही. म्हणून टोक ओढलं की सुटणारी गाठ मारावी, आणि ते टोक आतल्या बाजूला ठेवावं. बोट बंदरात असताना प्रत्येकाला आत झोपवून हे दोनदा करून घ्यावं.

बोट कलल्यावर खालची, म्हणजे वाऱ्याआडची बाजू झोपायला चांगली. तिथे शरीर बोटीच्या भिंतीला टेकतं आणि कापडाची फारशी गरज पडत नाही. वाऱ्याकडच्या बाजूला माणूस कापडात झोळीसारखा लोंबतो. सवय झाली की तेही चालतं. खरा छळ होतो तो वारा मागून असताना, कारण तेव्हा बोट एका अंगावर स्थिर राहत नाही, दोन्हीकडे लोळते. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, आणि दक्षिणेकडे गोव्याला जाणाऱ्या बोटीला तो मागूनच मिळतो. अशा वेळी गादीची बाहेरची कड खाली कपड्यांची पिशवी सारून उचलावी, म्हणजे गादीची पन्हाळ होते. एक गुडघा दुमडून पालथं झोपलं की अंग कमी लोळतं.

गादी, मीठ आणि बुरशी

बोटीवर कापसाची गादी नको. ती हवेतला ओलावा पिते, जड होते आणि लवकर वाळत नाही. फोमची गादी घ्यावी, दहा सेंटिमीटर ही खालची मर्यादा, बारा ते पंधरा चांगली. जाडीइतकीच घनता महत्त्वाची. दर घनमीटरला 35 ते 40 किलोच्या आसपासचा फोम वर्षानुवर्षं टिकतो, हलका फोम दोन हंगामांत बसतो. दुकानात गादीवर गुडघा टेकून पूर्ण भार द्यावा. खालची फळी लागली तर ती गादी झोपताना कमरेला लागणारच.

वरचं कापड सुती, खालचं जाळीचं, चेन प्लास्टिकची. धातूची चेन खाऱ्या हवेत काही महिन्यांत अडकते. बर्थ बोटीच्या वाकड्या भिंतीप्रमाणे कापलेले असतात, त्यामुळे तयार चादरी बसत नाहीत. गादीच्या मापाने शिवलेली, कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली चादर एकदाच करून घ्यावी.

झोपलेलं माणूस रात्रभरात घाम आणि श्वासातून बरंच पाणी बाहेर टाकतं. गादीखाली सलग प्लायवूड असेल तर ते पाणी तिथेच साचतं आणि पावसाळ्यात बंद ठेवलेल्या बोटीच्या गाद्यांना पाठीमागून काळी बुरशी चढते. उपाय सोपा आहे: फळीला जागोजागी मोठी भोकं पाडावीत, किंवा लाकडी पट्ट्या टाकाव्यात, किंवा गादीखाली हवा खेळवणारी प्लास्टिकच्या तारांची जाड जाळी अंथरावी. बोट उभी असेल तेव्हा गाद्या कडेवर उभ्या करून ठेवाव्यात.

मिठाबद्दल कडक नियमच हवा. सागरी मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेली की ते पाझरायला लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर वर्षातल्या बहुतेक रात्री तेवढी आर्द्रता असते. म्हणून खाऱ्या पाण्याने एकदा भिजलेली उशी उन्हात कोरडी झाल्यासारखी वाटली तरी रात्री पुन्हा ओलसर लागते. ती गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय सुटका नाही. पहाऱ्यावरून आलेल्याने ओले कपडे शिडीशीच उतरवावेत, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने हात-पाय-मान पुसावी आणि झोपायचे वेगळे कोरडे कपडे घालून मगच बर्थवर चढावं. अर्धा मग पाणी पुरतं, आणि सगळ्यांचं अंथरूण आठवडाभर कोरडं राहतं.

नांगरावरची रात्र

मुंबई बंदरात किंवा मांडव्यासमोर नांगर टाकून झोपणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: बोट नेहमी वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही. भरती-ओहोटीचा जोर मोठा, त्यामुळे बोट प्रवाहाकडे वळते आणि लाटा, फेऱ्यांच्या बोटींनी उठवलेला खळखळाट, सगळं बाजूने येतं. रात्रभर डुलत राहते. अशा ठिकाणी पुढच्या केबिनचा हट्ट सोडून सलूनच्या बाकावर यावं.

उकाड्यासाठी पुढच्या हॅचवर कापडाची झोळी उभी करतात. ती वारा पकडून खाली लोटते. रात्री जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असला तरी अशा झोळीने केबिन चांगली थंड होते. प्रत्येक बर्थला स्वतंत्र बारा व्होल्टचा पंखा आणि प्रत्येक हॅचला मच्छरदाणीची चौकट असावी. ती चौकट आतून झटकन निघणारी हवी, कारण आग लागली तर पुढच्या केबिनमधून बाहेर पडायची वाट तीच असते.

आवाजाचं मूळ शोधून काढावं. डोलकाठीवर खडखडणारा दोर बाजूला ओढून बांधला की थांबतो. नांगराची साखळी नाळेवर घासत गुरगुरते, तिला दहा-बारा मीटर नायलॉनचा दोर जोडून भार त्यावर घेतला की पुढची केबिन शांत होते आणि नांगरालाही झटके बसत नाहीत. आधुनिक बोटींची मागची बाजू रुंद आणि सपाट असते, तिच्याखाली छोट्या लाटा थपडा मारतात. मागच्या केबिनमध्ये पहिल्यांदा झोपणारा त्या आवाजाने दचकून उठतो. यावर फारसा इलाज नाही, कानात बोळे घालावेत. मात्र नांगर सरकल्याचा इशारा ऐकणाऱ्याने घालू नयेत.

पहाऱ्याच्या पाळ्या

दोघंच बोटीवर असतील तर तीन किंवा चार तासांची पाळी बहुतेकांना मानवते. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, त्यामुळे तीन तासांत दोन चक्रं बसतात. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही बोट गोव्यात बांधलेली. दोघींच्याच प्रवासात एक झोपलेली असते तेव्हा सगळी बोट दुसरीच्या हाती असते. अशा वेळी झोपणारीने निर्धास्त झोपणं हेच तिचं काम, आणि बर्थने तिला ते करू दिलं पाहिजे.

एकट्याने जाणाऱ्यांचं गणित वेगळं. क्षितिजावर दिसलेलं वेगवान जहाज पंधरा-वीस मिनिटांत जवळ येऊ शकतं, म्हणून किनाऱ्याजवळ आणि जहाजांच्या वाटेवर ते तेवढीच डुलकी घेतात आणि उठून चौफेर बघतात. क्लाउडिओ स्टॅम्पी या संशोधकाने एकट्या दर्यावर्दींच्या अशा तुकड्या-तुकड्यांच्या झोपेचा दीर्घ अभ्यास केला आहे. अशा वेळी बर्थ शिडीच्या पायथ्याशीच हवा, गजर कानाशी आणि होकायंत्र पडल्या पडल्या दिसेल असं.

पाळीवर चार जण आणि चांगले बर्थ दोन असतील तर आळीपाळीने तेच वापरावेत. प्रत्येकाची उशी आणि चादरीची शिवलेली पिशवी मात्र स्वतःची असावी. रात्री केबिनमध्ये तांबडा मंद दिवा वापरला की झोपलेल्याला त्रास होत नाही आणि वर जाणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले राहतात.

डोक्यावर काय आहे, हाताशी काय आहे

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ बोट मुंबईत सागवानात बांधलेली. सप्टेंबर 1968 मध्ये दक्षिण महासागरात एका लाटेने ती आडवी केली, तेव्हा ते बर्थवर झोपलेले होते आणि केबिनमधलं जड सामान त्यांच्या अंगावर येऊन कोसळलं. म्हणून बर्थच्या वर उघडी फळी, पुस्तकं, डबे, हत्यारांची पेटी ठेवू नये. कपाटांना ओढून उघडणाऱ्या चुंबकी कड्या असतील तर त्या बदलून फिरवून बंद होणाऱ्या लावाव्यात.

दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ बोटीला 21 सप्टेंबर 2018 रोजी हिंदी महासागरात वादळाने उलटवलं. पाठीच्या कण्याला दुखापत झालेले टॉमी बर्थवर हलता न येता पडून होते आणि तिथूनच उपग्रहाद्वारे छोटे निरोप पाठवत होते. 24 तारखेला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांची सुटका केली. दूरच्या प्रवासात झोपायची जागा हीच आजाऱ्याची खाट असते. पाण्याची बाटली, बॅटरी आणि संपर्काचं साधन झोपलेल्याच्या हाताला लागेल असं, पण निसटणार नाही असं बांधून ठेवावं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून गळती ओळखणारं यंत्र बर्थच्या पातळीच्या खाली बसवावं. इंजिनाशेजारी कुणी झोपत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्रही लावावं.

कॅटामरान आणि भाड्याची बोट

दुहेरी बुडाच्या कॅटामरानवर वरचं बरंचसं लागू होत नाही. ती फारशी कलत नाही, म्हणून दुहेरी पलंगावर प्रवासातही झोपता येतं. तिचा त्रास आवाजाचा. दोन बुडांमधल्या मजल्याला खालून लाटा धडकतात, आणि तो दणका पुढच्या केबिनमध्ये सर्वांत जास्त जाणवतो. मागच्या केबिनी मागून घ्याव्यात.

ग्रीस, क्रोएशिया किंवा फुकेतला मित्रमंडळींनी बोट भाड्याने घ्यायची प्रथा आता आपल्याकडेही रुजते आहे. जाहिरातीत ‘6 + 2’ लिहिलेलं असतं तेव्हा ते शेवटचे दोन सलूनमध्ये टेबलावर झोपणार असतात. ते कोण, हे पैसे भरण्याआधी ठरलेलं बरं.

घेण्याआधी आडवं होऊन बघा

बोट विकत घेताना लोक इंजिन तपासतात, शिडं उलगडून बघतात, आणि बर्थवर नुसता हात फिरवतात. बूट काढून प्रत्येक बर्थवर दहा मिनिटं पडावं. पाठीवर, मग दोन्ही कुशींवर. वळताना खांदा छताला लागतो का? गुडघा उचलता येतो का? चष्मा, फोन, पाणी ठेवायला खाच आहे का? अंधारात बाहेर पडताना धरायला दांडा कुठे आहे? जोडीदारानेही हेच करावं, कारण सहा फुटी माणसाला आखूड पडणारा बर्थ सव्वापाच फुटी माणसाला हवाहवासा वाटू शकतो. गाद्या उचलून खालची फळी ओली किंवा काळी पडली आहे का ते पाहावं, आणि उशीला नाक लावून वास घ्यावा.

मग विक्रेत्याला दुपारी, वारा चढल्यावर, बोट बाहेर काढायला सांगावं. वाऱ्याच्या तोंडावर अर्धा तास एका बाजूला आणि अर्धा तास दुसऱ्या बाजूला कलती चालवून, त्या वेळात खाली सलूनच्या बाकावर डोळे मिटून पडून राहावं.